विसावा अर्ज

पाय जिथे कधी टेकत नसे तिथेच तो अडकला आणि थोरली तोंडघशी पडता पडता वाचली. सकाळची वेळ होती, हातात दुधाची रिकामी बरणी होती, आणि तिच्या दारापासून खाली उतरताना लागते ती नववी पायरी होती. ही नववी पायरी गेली सव्वीस वर्षं नव्हतीच. आठवी होती, दहावी होती, आणि मध्ये दात पडलेल्या हिरडीसारखं भगदाड. थोरलीच्या पायांनी त्या भगदाडाशी आपापसात समझोता करून टाकला होता. आठवीवर उजवा पाय, डावा हात भिंतीला, आणि मग एक लांब ढांग थेट दहावीवर. डोळे मिटूनही जमावं इतकं ते अंगवळणी पडलं होतं. त्या सकाळी मात्र ढांग टाकताना टाच मध्येच कशाला तरी घासली, बरणी हातून सुटून घरंगळत गेली आणि थोरली भिंतीला छातीशी धरल्यासारखी चिकटून उभी राहिली. मग तिने खाली पाहिलं. पायरी होती. ओल्या गोणपाटाखाली झाकलेली, कडेने सिमेंटचा करडा ओलसर रंग असलेली, चांगली दीड हात रुंद पायरी. गोणपाट जरा सरकलं होतं तिथे सिमेंटवर बारीक ठिपक्यांच्या समांतर रेघा दिसत होत्या, पाय घसरू नये म्हणून ओढलेल्या. थोरलीने त्या रेघा ओळखल्या. कापडावर खुणा करायचं दातेरी चाक असतं, त्याच्या त्या रेघा होत्या, आणि तसं चाक या सगळ्या चढणीवर एकाच घरात होतं. तिच्याच घराच्या खालच्या मजल्यावर.

"लागलं नाही ना, मोठ्या वहिनी?" खालून टपालवाले बरणी घेऊन वर येत होते. ते निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी त्यांना सगळे टपालवालेच म्हणत. "काल दुपारी बसवली धाकट्या वहिनींनी. गवंड्याकडून घमेलंभर माल आणला आणि बसल्या की फतकल मारून! मी म्हटलं, अहो, ही पालिकेची पायरी. तर म्हणतात, पालिकेची असेल, पाय माझे आहेत." आणि टपालवाले हसले. चांगलं तोंड भरून, हे वाक्य आपल्यालाच सुचलं असतं तर किती बरं झालं असतं, असे हसले. थोरलीही हसली. तिचं हसू ओठांवर आलं आणि तिथेच वाळलं. बरणीला पोचा आला होता. दूध घेऊन परत येताना ती त्या पायरीपाशी थांबली, आणि कुणी बघत नाही असं पाहून तिने जुन्याच सवयीची लांब ढांग टाकून ती ओलांडली. तिच्यावर पाय द्यायचा नाही. का द्यायचा? आत कुठेतरी, बरगड्यांच्या खाली, लिंबू पिळल्यासारखं काहीतरी झालं होतं. तिने स्वतःला सांगितलं की ते दचकल्यामुळे.

दचकल्यामुळे नव्हतं ते. खालच्या गल्लीपासून वरच्या मोठ्या रस्त्यापर्यंत या एकाहत्तर पायऱ्या होत्या, दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लावून घरं, आणि त्यांचं घर बरोबर मध्यावर. बस, शाळा, दवाखाना सगळं वर. पायऱ्यांवाचून रस्ता म्हणजे गल्लीतून बाहेर पडून टेकडीला पाऊण तासाचा वळसा. आणि या पायऱ्या म्हणजे थोरलीचं काम होतं. तिने त्यांच्यासाठी एकोणीस अर्ज केले होते. मोठ्या इस्पितळात अठ्ठावीस वर्षं टेलिफोनच्या फळीवर, लोकांचे फोन जोडून देत, बसून काढलेली बाई. आवाज स्वच्छ, अक्षर मोत्यासारखं, भाषा अशी की कचेरीतल्या माणसाने वाचताना खुर्चीत सावरून बसावं. 'उपरोक्त विषयास अनुसरून आपल्या निदर्शनास आणू इच्छिते की' असं ती लिहायची तेव्हा तिला स्वतःलाच आपली पाठ ताठ झाल्याची जाणीव व्हायची. दर अर्जाला उत्तर यायचं. 'आपला अर्ज योग्य त्या विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.' ही उत्तरं टपालवाल्यांनीच आणून दिली होती, एकोणीसच्या एकोणीस, आणि प्रत्येक वेळी पाकीट हातात देताना ते अदबीने म्हणायचे, "वहिनी, कचेरीचं आलं बरं का." शेजारपाजारचे लोक गोळा व्हायचे. ती मोठ्याने वाचून दाखवायची. वर्ग करण्यात आला आहे म्हणजे कुठेतरी काहीतरी हललं आहे, असं ती समजावून सांगायची आणि लोक माना डोलवायचे. तुम्ही आहात म्हणून बघा, वहिनी, असं म्हणायचे. नवरा एकदा जेवताना म्हणाला होता, "कागदी घोडे आहेत गं हे." त्यावर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. पण तोही घोड्यांना नावं ठेवत होता, बसणारीला नाही. आणि आता एका दुपारी, एका घमेल्यात, जी बाई अर्ज हा शब्द 'अरज' असा लिहायची तिने पायरी बसवली होती, आणि लोक तिची वाक्यं पाठ करून एकमेकांना सांगत होते.

धाकटी या घरात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. दिराने कुठूनशी लांबून, त्याच्या धरणाच्या कामावरून, लग्न करून आणलेली. उंच, हाडापेराने मोठी, दारातून आत येताना वाकायचं विसरून कपाळमोक्ष करून घेणारी. थोरलीने तिला हाताशी धरलं. खरंच धरलं, त्यात खोट नव्हती. सही करायला शिकवलं, बसच्या पाट्या वाचायला शिकवलं, दुकानात फसू नये म्हणून काय म्हणायचं ते शिकवलं. दीर वर्षातले दहा महिने कामावर असायचा आणि त्याला पत्रं जायची ती थोरलीच्या अक्षरात. धाकटी सांगायची, "लिहा ताई, की मशीन घेतली आणि पहिल्याच दिवशी सुई बोटात घुसली." थोरली लिहायची, 'आपल्या आठवणीने मन रमत नाही म्हणून शिवणकामाकडे लक्ष वळवले आहे.' अकरा वर्षं तिने अशी पत्रं लिहिली. दिवसभर फळीवर बसून ती लोकांचे आवाज एकमेकांना जोडून द्यायची आणि स्वतः बाजूला व्हायची. या पत्रांत मात्र तिला बाजूला व्हावं लागत नसे. मग एक दिवस धाकटीने विचारणं बंद केलं. तिने स्वतःच तीन ओळी खरडून पाठवल्या होत्या. सुटीवर आलेला दीर खालच्या खोलीत बायकोला सांगत होता ते जिन्यात उभ्या असलेल्या थोरलीने ऐकलं. "तुझं ते वेडंवाकडं पत्र आलं ना, तेव्हा कळलं की माझं लग्न झालंय. आधीची पत्रं वाचून वाटायचं, कुणा हेडमास्तरणीशी संसार करतोय." दोघंही हसत होती. दीर जाऊनही आता चार वर्षं झाली, त्याच्यासाठी थोरलीही रडली, पण ते हसू तिच्या कानातून अजून गेलं नव्हतं. माणूस मरतो आणि त्याचं एखादं हसणं मागे राहतं. तेही दुसऱ्याबरोबरचं.

नववी पायरी झाली आणि मग चढणीला जणू लागणच झाली. धाकटीने सभा घेतली नाही, भाषण केलं नाही. मशीन दाराशी ओढून ती कपडे शिवत बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सुई तोंडात धरून विचारायची, "तुमच्याकडे फरशीचे तुकडे पडलेत ना मागच्या अंगणात? रविवारी आणाल?" लोक आणायचे. कुणी अर्धं पोतं सिमेंट, कुणी घर पाडून उरलेल्या विटा, कुणी नुसते हात. गवंडी याच चढणीवर राहायचा, कमी बोलणारा, दोरी लावल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा माणूस. तो रविवारी सकाळी सहाला येऊन उभा राहायचा आणि धाकटी म्हणेल तिथून काम सुरू व्हायचं. थोरली वरच्या मजल्याच्या खिडकीत बसून बघायची. पडदा अर्धा ओढलेला, हातात काहीतरी निवडायचं किंवा टाके घालायचं. तिला सगळं दिसायचं. पाणी जायची चर उजवीकडे हवी, ते डावीकडे घेत आहेत. कठडा आधी करायला हवा होता. उंटावरून शेळ्या हाकणं तिला कळत होतं, पण शेळ्या चुकीच्या वाटेला लागल्या आहेत हेही कळत होतं ना! तिसऱ्या रविवारी गवंड्यानेच चर उकरून उजवीकडे घेतली. आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद तिला अर्धा मिनिट पुरला. कुणाला सांगणार? आणि सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग आधी का नाही बोललात, खाली का नाही आलात. तिला कुणी बोलावलं नव्हतं. म्हणजे बोलावलं होतं. धाकटीने जिन्यातून हाक मारली होती, "ताई, येताय का?" पण ती हाक मारण्याची तऱ्हा. जशी बाजारात जाताना मारावी. एकोणीस अर्ज केलेल्या बाईला असं बोलावतात?

आणि नवरा. साठ वर्षांचा, छापखान्यातून निवृत्त झालेला, खुर्चीतून उठताना गुडघ्यांशी वाटाघाटी करणारा माणूस. तो पहिल्या रविवारी नुसता बघायला म्हणून गेला आणि दुपारी आला तो कोपरापर्यंत सिमेंटने माखून. "अगं, वाळू कशी लागते ठाऊक आहे? ओली असताना वेगळी, कोरडी असताना वेगळी." इतकी वर्षं शाईचे हात घेऊन घरी येणारा माणूस कधी म्हणाला नव्हता की शाई कशी लागते. तो दोन घास जास्त जेवला आणि घोरत झोपला. त्याच्या नखांत करडी माती होती. थोरली त्याच्या हाताकडे बघत बसली. तिला हे कळत होतं की या हातात धाकटीबद्दल तसलं काही नाही, कधी नव्हतं, आणि तसं असतं तर एका परीने बरं झालं असतं, कारण त्या दुखण्याला जगात नाव आहे. हे दुखणं बिननावाचं होतं. तिला नवरा परत नको होता, तो तर होताच. तिला तो थकवा हवा होता. ती झोप. दुसऱ्या गावी दिलेल्या लेकीचा फोन आला तोही हाच. "आई, काकूने पायऱ्या करायला घेतल्या म्हणे! बाबांनी फोटो पाठवला. कमाल आहे बाई काकूची. तू काय करतेस?" तू काय करतेस! लेकीने सहज विचारलं होतं, सगळेच फोनवर विचारतात तसं. थोरली म्हणाली, "मी बरी आहे," आणि अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने फोन अगदी हळू, आवाज न होता, खाली ठेवला.

त्याच दुपारी तिने विसावा अर्ज लिहिला. रागाच्या भरात लिहिला असं नाही म्हणता येणार. तिने आधी टेबल पुसलं, कागद तिरका धरून त्याची कड पाहिली, पेन झटकलं. तिला कचेरीची उत्तरं पाठ होती, नियमही पाठ होते. सार्वजनिक पायवाटेवर परवान्यावाचून कुणालाही बांधकाम करता येत नाही, हे अकराव्या अर्जाच्या उत्तरात लिहिलेलं होतं. तिने फक्त त्याची त्यांना आठवण करून दिली. 'काही रहिवासी अनुभव व अर्हता नसताना मनमानी पद्धतीने', असं तिने लिहिलं आणि 'मनमानी' या शब्दापाशी तिला बरं वाटलं, पाठीत खाज येते तिथे बरोबर नख पोचावं तसं. खाली नाव घालायच्या जागी पेन थांबलं. तिने आयुष्यात निनावी कागद लिहिला नव्हता. निनावी फोन तर ती जोडूनच द्यायची नाही. तिने लिहिलं, 'एक जागरूक रहिवासी', आणि संध्याकाळी टेकडीला वळसा घालून, पाऊण तास चालून, तिकडच्या पेटीत ते पाकीट टाकलं. परत येताना तिला वाटलं, काही होणार नाही. एकोणीस वेळा झालं नाही ते आता काय होतंय. वर्ग करण्यात येईल.

आठव्या दिवशी पालिकेचे साहेब आले. तरुण होते, घामाघूम झालेले, काखेत फाईल. घराच्या वरच्या अंगाच्या वीस पायऱ्या तेव्हा पूर्ण उकरून ठेवल्या होत्या. रविवारी नव्याने बसवायच्या म्हणून जुने दगड काढून कडेला रचले होते. साहेबांनी टेपने काहीतरी मोजलं, भिंतीवर कागद चिकटवला आणि काम थांबवायला सांगितलं. "निदान एवढ्या तरी पुऱ्या करू द्या," गवंडी म्हणाला. त्याच्या तोंडून इतकं लांब वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. साहेब म्हणाले, "लेखी आदेश आहे, माझ्या हातात नाही." खिडकीतून थोरलीने ते सगळं पाहिलं. तिचं हृदय असं धडधडत होतं की तिने पडदा हातात घट्ट धरला, आणि त्या धडधडीत भीती किती आणि दुसरं काय किती हे तिला निवडता आलं नसतं. कचेरी आली होती! तिच्या शब्दाला कचेरी पायऱ्या चढून आली होती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

मग त्या वीस पायऱ्यांच्या जागी नुसता मातीचा उतार राहिला. लोकांनी फळ्या टाकल्या. पोरं त्यावरून पळत शाळेत जायची, म्हातारी माणसं टेकडीला वळसा घालायची, आणि ज्यांना वळसाही जमत नव्हता ती घरी बसायची. टपालवाल्यांच्या बायकोला घरी बसता येत नव्हतं. तिचं कमरेचं हाड बसवलेलं होतं, दर गुरुवारी दवाखान्यात जावं लागे, आणि एरवी ती नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून पायरीपायरीवर दम घेत चढायची. त्या गुरुवारी तिला खुर्चीत बसवून थोरलीचा नवरा आणि गवंडी फळ्यांवरून नेत होते. थोरली भाजी चिरत होती. तिने आधी फळी सरकल्याचा आवाज ऐकला, मग नवऱ्याची हाक, मग एक आवाज, बारीक, जवळजवळ लाजल्यासारखा, "अगं आई गं". ती धावत खाली आली. बाई मातीत एका अंगावर पडली होती, मनगट भलत्याच कोनात वळलेलं, आणि ती सगळ्यांना सांगत होती की काही झालं नाही, काही झालं नाही. टपालवाले तिच्या डोक्याखाली आपली टोपी सारत होते. थोरलीचा नवरा रिकामी खुर्ची धरून उभा होता. "माझा पाय सरकला," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "माझाच पाय सरकला."  थोरलीने पाणी आणलं, मनगटाला फळीचा तुकडा लावून आपल्या पदराची पट्टी बांधून दिली, इस्पितळात इतकी वर्षं काढलेल्या बाईला तेवढं येत होतं. आणि सगळे म्हणाले, बरं झालं मोठ्या वहिनी होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी वर आली. नवरा टपालवाल्यांकडे गेला होता. तिच्या बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटले होते, ती नेहमीच कुठल्या ना कुठल्या रंगाचे दोरे अंगावर घेऊन फिरायची.

"ताई, मी कचेरीत गेले होते."

"बरं."

"साहेबांनी तक्रारीचा कागद दाखवला. नाव नाही त्यावर." ती दाराला टेकली. "पण मी अकरा वर्षं तुमच्या अक्षरात माझ्या नवऱ्याशी बोलले. मला ते ओळखू येणार नाही?"

थोरलीच्या हातात तांब्या होता तो तिने खाली ठेवला. तिला वाटलं होतं की हा क्षण आला तर अंगावर वीज पडेल. तसं झालं नाही. खोलीत सगळं जिथल्या तिथे होतं, खिडकीच्या कडेवर धूळ होती आणि धूळ दिसत होती.

"कुणाला सांगितलंस?"

"नाही. दादांनाही नाही. ते आधीच स्वतःला खात बसलेत."

"मग काय पाहिजे तुला?"

"दुसरा अर्ज लिहा," धाकटी म्हणाली. "परवाना मागणारा. मला लिहिता येत नाही. तुमच्या त्या कागदावर साहेब आठ दिवसांत आले, याच्यावरही येतील."

थोरलीने तिच्याकडे निरखून पाहिलं. टोमणा असता तर तिला पकडायला काहीतरी मिळालं असतं. टोमणा नव्हता. धाकटीला खरोखरच तसं वाटत होतं.

"तुला राग नाही आला माझा?"

"आलाय की. काल रात्रभर आलाय." तिने बाहीवरचा एक दोरा काढून बोटाला गुंडाळला. "पण आधी पायऱ्या."

आणि तेव्हाही, त्या घटकेलाही, थोरलीला वाटलं ते हेच, की हेसुद्धा हिनेच म्हणावं? राग बाजूला ठेवायचा मोठेपणासुद्धा हिच्याच वाट्याला यावा? ती मनातल्या मनात ते वाक्य आपल्या आवाजात म्हणून पाहत होती, आधी पायऱ्या, आधी पायऱ्या, आणि ते तिच्या आवाजात बसत नव्हतं.

परवान्याचा अर्ज घेऊन दोघी बरोबर कचेरीत गेल्या. लांब बोळ, बाकडी, कागदाचा आणि फिनेलचा वास. थोरली इथे कधी आली नव्हती, तिचे फक्त कागद आले होते. तिला वाटायचं तशी ती जागा उंच छताची नव्हती. तरुण साहेब टेबलाशी बसून चहा पीत होते. "रहिवाशांनी पायऱ्या नीट केल्या तर आमची हरकत कशाला असेल, बाई? उलट आमचं काम वाचतं. कुणी तक्रार केली नसती तर आम्ही तिकडे फिरकलोही नसतो."

"एकोणीस अर्ज आहेत तुमच्याकडे," थोरली म्हणाली. "त्यावर कुणी का फिरकलं नाही?"

साहेबांनी मागच्या कपाटाकडे पाहिलंही नाही. "त्या विनंत्या झाल्या. विनंतीला मुदत नसते. तक्रारीला असते, पंधरा दिवसांची." ते हे अगदी सौम्यपणे म्हणाले, एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाला सांगावं तसं. "आता तक्रारदाराने तक्रार मागे घेतली तर परवाना देता येईल. पण तक्रारदार कोण हेच ठाऊक नाही ना."

बोळात कुणाची तरी खुर्ची फरशीवर घासली. थोरलीला अठ्ठावीस वर्षांची ती फळी आठवली, पलीकडचा आवाज येईपर्यंत वाट बघायची ती दोन सेकंदांची पोकळी. "मी," ती म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ होता. तिला नवल वाटलं.

साहेबांनी कप खाली ठेवला. धाकटीकडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं, काही विचारावं असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं. त्यांनी दोन कागद पुढे केले. पहिल्यावर तिने सही केली. दुसऱ्यावर रकाने होते, आणि एक रकाना होता 'कामाची जबाबदारी घेणाऱ्याचे नाव'.

"तुमचंच घाला, ताई," धाकटी मागून म्हणाली. "मला कुठलं आलंय कागदाचं. तुम्ही एवढी वर्षं केलंत." तिने ते असं म्हटलं जसं कुणी मागितल्यावर दोऱ्याचं रीळ पुढे करावं. ज्याच्यासाठी थोरलीने सव्वीस वर्षं पाठ ताठ ठेवली होती ते हिच्याकडे इतकं उतू जात होतं की ती सहज देऊन टाकत होती. थोरलीचे कान गरम झाले. हिच्या हातून? दान म्हणून? तिने पेन उचललं आणि त्या रकान्यात धाकटीचं नाव लिहिलं, सगळंच्या सगळं, एकेक वेलांटी घासूनपुसून. त्यात मोठेपणा कणभरही नव्हता. होता तो नुसता हट्ट, की तुझं मला नको. जगात कुणाला ते वाचून खरं वाटलं नसतं, पण तिने आयुष्यात इतक्या रागाने इतकं सुंदर अक्षर कधी काढलं नव्हतं. "कर सही," ती म्हणाली. धाकटीने जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून, हळूहळू, थोरलीनेच कधीकाळी शिकवलेली ती सही केली.

परवाना मिळाला. पुढच्या रविवारी सगळे जमले तेव्हा थोरलीही खाली उतरली. धाकटीने कुणाला काही सांगितलं नव्हतं आणि सांगणार नव्हती, आणि नेमकं तेच थोरलीला सहन होण्यासारखं नव्हतं. हिच्या पदराखाली झाकून राहायचं? तिने गवंड्याच्या दोरीपाशी उभं राहून, टेलिफोनवर माहिती सांगावी तशा आवाजात सांगितलं, "काम थांबलं ते माझ्यामुळे. तक्रार मी केली होती."  नवऱ्याने फावडं खाली ठेवलं, मग उचललं, आणि तिच्याकडे न बघता पुन्हा ठेवलं. टपालवाले दगडावर बसले होते. ते उठले, जवळ आले. तिला वाटलं ते ओरडतील.

"एकोणीस वेळा मी तुमचं टपाल आणलं," ते म्हणाले. "उन्हातान्हात. त्या कागदात काहीतरी आहे असं समजून." मग ते पायऱ्या उतरून घरी गेले. त्यांनी त्यानंतर तिच्याशी बोलणं सोडलं. बायको बोलायची, प्लास्टरमधला हात उंच करून, पण ते समोरून आले की भिंतीकडे तोंड करत.

गवंड्याने घसा साफ केला. "वाळू चाळायची आहे," तो म्हणाला.

तिला एक गोल चाळण मिळाली आणि वाळूचा ढीग. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आपण खाली उतरलो तर लोक बाजूला सरकून जागा करून देतील. जागा होती ती ढिगाऱ्यापाशी, गुडघे टेकून. पहिल्या दहा मिनिटांत तळहात जळायला लागले. वाळू चाळणीत नुसती इकडून तिकडे सरकत होती आणि खाली चिमूटभर पडत होती. वर नवरा आणि गवंडी पहिला दगड बसवत होते, नवरा घरी गेल्यावर काय बोलेल, बोलेल की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. धाकटी कुणाला तरी काहीतरी सांगत होती आणि कुणीतरी हसत होतं. थोरलीने मान वर केली नाही. मग डोक्यावर सावली पडली.

"ताई, नुसत्या हातानं नका हलवू. कमरेतून हलवा."

ते आजूबाजूच्या चारजणांना ऐकू गेलं. थोरलीच्या मानेपासून कपाळापर्यंत रक्त चढलं. हिने मला शिकवावं! हिने! "तुला विचारलंय का मी?" ती म्हणाली.

"नाही," धाकटी म्हणाली आणि घमेलं उचलून वर निघून गेली.

थोरलीने ती पुरती पाठमोरी होईपर्यंत वाट पाहिली. मग चाळण पुन्हा भरली, पाय जरा फाकवून बसली आणि कमरेतून हलवून पाहिली. वाळू एकदम सैल झाली आणि पिठासारखी भराभर खाली पडू लागली, आणि ती तशी पडते आहे याचाच तिला सगळ्यांत जास्त राग आला. वरून नवऱ्याची हाक आली, "वाळू!" नाव न घेता, कुणालाही उद्देशून मारावी तशी. तिने चाळलेला ढीग घमेल्यात ओढला, ते दोन्ही हातांनी उचललं आणि फळीवर पाय ठेवला.